भाड्याच्या घरात मालक न सांगता येऊन पाहणी करू शकतो का? (सांगली-मिरज)

रातपाळी | सोमवार, दुपारी ३.४०

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला वरच्या मजल्यावर वन बीएचके भाड्याने घेऊन राहते. मिरजेत एका दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे महिन्यातले बरेच दिवस रात्री ड्युटी आणि दिवसा झोप असा क्रम असतो. घरमालक खालीच राहतात. वयस्कर जोडपं आहे आणि माणसं तशी चांगली आहेत. नळाला पाणी कमी आलं तर काकू आधी माझी टाकी भरून घ्यायला लावतात. भाडं दोन दिवस इकडेतिकडे झालं तरी कधी तोंड वाकडं केलं नाही.

पण घराची दुसरी चावी त्यांच्याकडे आहे आणि काका मनाला येईल तेव्हा वर येतात. कधी बाथरूमची गळती बघायला, कधी गच्चीवरचा पाइप बघायला, कधी गावाकडचे पाहुणे आले म्हणून त्यांना घर दाखवायला. मी ड्युटीवर असताना येऊन गेले तर ओट्यावरचं सामान सरकलेलं दिसतं, तेव्हा कळतं.

परवा ड्युटीवरून आले आणि हॉलमध्ये गादी टाकून झोपले. दाराची आतली कडी मोडलीय, "बसवून देतो" म्हणतात पण अजून बसली नाही, त्यामुळे फक्त लॅचवर भरवसा. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला म्हणून जाग आली. बघते तर काका फ्रिजमध्ये डोकावतायत आणि प्लंबर ओट्यावर पाने-पक्कड मांडून उभा. मी दचकून चादर ओढून घेतली. काका म्हणाले, "झोप झोप, आमचं चाललंय." ते गेल्यावर मला झोप लागली नाही आणि त्याच रात्री परत आयसीयूत उभं राहायचं होतं.

संध्याकाळी काकूंशी बोलले. काका आतून म्हणाले, "घर आमचं आहे, बघायला विचारायचं कशाला? करारात लिहिलंय." करार काढून बघितला. अकरा महिन्यांचा आहे, नोटरी केलेला, नोंदणी नाही. त्यात एवढंच वाक्य आहे: "मालकास मिळकतीची पाहणी करण्याचा अधिकार राहील."

मला घर सोडायचं नाहीये. एकट्या बाईला चांगल्या वस्तीत घर मिळवताना काय काय ऐकून घ्यावं लागतं ते इथल्या बऱ्याच जणींना माहीत असेल. मला फक्त हे विचारायचंय की कायदा काय म्हणतो, मी लॅच बदलू शकते का, आणि वाकडं न येता हे सांगायचं कसं.

मिरजकरीण | सोमवार, दुपारी ४.०५

ताई, बाकी सगळं नंतर बघू. आधी आतून कडी बसवून घ्या, आजच. टॉवर बोल्ट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि सुतार अर्ध्या तासात बसवतो. आतल्या कडीने घराचं काही नुकसान होत नाही, आणि तुम्ही आत असताना दार आतून बंद ठेवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

फ्रिज उघडून बघण्याचं कारण मला वेगळंच वाटतं. नळाची गळती फ्रिजमध्ये दिसत नाही. आमच्याकडेही "अंडी-मटण चालणार नाही" अशी तोंडी अट होती आणि त्यासाठी मालकीणबाई स्वयंपाकघरात फेरी मारायच्या.

गणेशनगर | सोमवार, सायंकाळी ६.३०

मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. म्हातारं माणूस आहे, तुम्हीच म्हणता की चांगले आहेत. त्यांच्या पिढीत घर म्हणजे पोटाला चिमटा काढून बांधलेली वस्तू. भिंतीत पाणी मुरतंय म्हटल्यावर त्यांचा जीव वर-खाली होतो. कायदा, नोटीस असले शब्द काढलेत तर पुढच्या महिन्यात "मुलगा पुण्याहून परत येतोय, घर रिकामं करा" असं ऐकायला मिळेल. गोडीत सांगा, दुपारी झोपते, चारनंतर या म्हणून. बहुतेक ऐकतील.

रातपाळी | सोमवार, सायंकाळी ७.१०

@गणेशनगर, गोडीत सांगून झालंय. दारावर "रात्रपाळी करून झोपले आहे" असा कागदही लावून बघितला. काकांना त्यात गैर काही वाटतच नाही, खरी अडचण तिथे आहे. आणि प्लंबर परका माणूस होता हो.

काळा कोट | सोमवार, रात्री ९.५०

सांगलीतच वकिली करतो. भाड्याची प्रकरणं नेहमीच येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे लागू आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याचं कलम २८ नेमकं याच विषयावर आहे आणि ते फार छोटं आहे. घरमालकाला भाड्याने किंवा लायसन्सवर (म्हणजे नुसती राहायची परवानगी म्हणून) दिलेल्या जागेची पाहणी करण्याचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि राहणाऱ्याला आधी सूचना देऊन. म्हणजे काकांचं अर्धं बरोबर आहे. पाहणीचा हक्क त्यांना खरंच आहे आणि तो तुम्ही नाकारू शकत नाही. पण त्याच कलमात त्या हक्काला दोन अटी घातल्या आहेत, आणि परवा काकांनी दोन्ही पाळल्या नाहीत.

बरेच मालक म्हणतात की हे भाडेकरूंसाठी आहे, आमचा करार तर लिव्ह अँड लायसन्सचा आहे, त्यात ताबा आमचाच असतो. बहुतेक छापील करारांत तसं वाक्य असतंही. पण कलम २८ मध्ये लायसन्सवर दिलेल्या जागेचा उल्लेख स्पष्ट आहे. करारावर नाव काहीही असो, आधी सूचना द्यावीच लागते. करारात "पाहणीचा अधिकार राहील" एवढंच लिहिलंय म्हणून अटी गळून पडत नाहीत.

आता अडचणीची बाजू. सूचना किती तास आधी द्यायची, वाजवी वेळ म्हणजे किती ते किती, हे कलमात लिहिलेलं नाही. ते परिस्थितीवर ठरतं. रात्री काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत सकाळी दहा ही वेळ वाजवी नाही, असं मी कोर्टात ठामपणे मांडू शकतो. पण भांडण कोर्टापर्यंत न्यायचं नसेल तर तास आणि वेळ लिहून घेणं हाच उपाय. बदलीच्या नोकरीवाल्यांना, नर्सेसना, कॉलेजच्या पोरांना मी हेच सांगत असतो. करार करताना सगळ्यांचं लक्ष डिपॉझिटवर असतं आणि पाहणीचं वाक्य कुणी वाचत नाही.

पोलिसांचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे गुन्हेगारी अतिक्रमण होतं, मग शिरणारा मालक का असेना. पण त्यात हेतू सिद्ध करावा लागतो. गळती बघायला प्लंबर घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाविरुद्ध ते टिकणार नाही आणि तुमची तशी इच्छाही दिसत नाही. लेखी सांगूनही पुन्हा असं झालं तर दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागता येतो. भाडे कायद्याची प्रकरणं आपल्याकडे दिवाणी न्यायाधीशांसमोरच चालतात. महिलांना उत्पन्नाची कसलीही अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय आहे, हेल्पलाइन १५१००.

आणि हो, तुमच्या कराराची नोंदणी नाही हे तुमच्यापेक्षा काकांसाठी जास्त धोक्याचं आहे. त्यावर उद्या लिहितो.

शामरावनगर | मंगळवार, सकाळी ८.१५

मी घरमालक आहे. शामरावनगरात आम्ही राहतो त्याच घरातल्या खालच्या-वरच्या खोल्या भाड्याने देतो. त्या ताईंच्या बाबतीत जे झालं ते चूकच, माझ्याही घरात मुली आहेत. पण मालक सारखा घर बघायला का येतो, हेही एकदा कुणीतरी मांडायला हवं.

२०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमचा तळमजला बुडाला होता. पाणी ओसरल्यावर चिखल काढला, भिंती धुतल्या, गिलावा खरवडून नवीन केला. तरी आजही पावसाळा आला की जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत रंगाला फुगे येतात. बोट लावलं की पापुद्रा निघतो आणि खाली पांढरी भुकटी हाताला लागते. ही ओल खालून वर चढते. आधीच्या भाडेकरूने त्या भिंतीला लाकडी कपाट अगदी चिकटवून ठेवलं होतं. मागे काळी बुरशी धरली, कपाटाची पाठ कुजली, स्विचबोर्डाच्या पाइपात पाणी उतरलं. त्याने सांगितलं नाही, मी बघितलं नाही. शेवटी बोर्डातून ठिणग्या उडायला लागल्या तेव्हा धावत गेलो. त्या खोलीत त्यांचं लहान लेकरू झोपायचं.

तेव्हापासून मी पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या आसपास एकदा वायरमन घेऊन सगळ्या खोल्या बघतो. भाडेकरूला वाटतं, मालक संशय घेतोय. मला वाटतं, माझ्या घरात कुणाचा जीव जायला नको.

वकीलसाहेब, तुम्ही पाहणीचा हक्क आहे असं स्पष्ट लिहिलंत ते बरं झालं. काही भाडेकरू तर नोटीस देऊनही दार उघडत नाहीत. मग आम्ही काय करायचं? आणि पुराचं पाणी चढत असताना मी आधी नोटीस देत बसू का?

माणदेशी आई | मंगळवार, सकाळी ११.३०

आमची मुलगी सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. आम्ही आटपाडीकडचे. तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना मिळून फ्लॅट घेऊन दिलाय. तिथं मालकीणबाई आठवड्याला फेरी मारतात. कपाटं उघडून बघतात, कचऱ्याच्या डब्यात बघतात, कोण आलं गेलं विचारतात. आणि मला फोन करून सांगतात, "तुमच्या पोरीवर माझं लक्ष आहे हो." खरं सांगते, सुरुवातीला मला बरं वाटायचं. लांब राहणाऱ्या पोरीवर कुणाचं तरी लक्ष आहे म्हणून.

मग दिवाळीला आली तेव्हा पोरगी म्हणाली, आई, मी तिथं आंघोळीला जाताना पण बॅगेला कुलूप लावते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लक्ष ठेवणं वेगळं आणि कपाट उघडणं वेगळं. आता त्यांनी जिन्यात कॅमेरा लावलाय, त्याचं तोंड बरोबर पोरींच्या दाराकडं आहे. दार उघडलं की आतला हॉल दिसतो. हे चालतं का, वकीलदादा?

आणि अजून एक. पोरींच्या बाबतीतच हे का? वरच्या मजल्यावर मुलं राहतात, त्यांच्याकडं कुणी जात नाही.

बदलीवाला | मंगळवार, दुपारी १.२०

बँकेत आहे, दर तीन-चार वर्षांनी बदली. सध्या साताऱ्यात सदर बझारला राहतो, त्याआधी कराड, त्याआधी सांगली. घरं बदलून बदलून एक शिकलोय, की तोंडी ठरलेलं सहा महिने टिकतं. म्हणून आता ऑनलाइन नोंदणीच करतो, मालक नको म्हणाला तरी खर्च मी देतो म्हणतो.

लोकांना वाटतं नोंदणी म्हणजे फार मोठा खर्च. मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. समजा भाडं ८००० आणि परत मिळणारं डिपॉझिट ३०,०००. अकरा महिन्यांचं भाडं ८८,००० होतं. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचं २७५० होतं. बेरीज ९०,७५०, त्याचा पाव टक्का म्हणजे सव्वादोनशेच्या घरात. त्यावर नोंदणी फी शहरात १००० रुपये, आणि एजंट घरी येऊन अंगठे घेणार असेल तर त्याची फी. लिव्ह अँड लायसन्ससाठी निबंधक कार्यालयात जायचीही गरज नाही, आधार आणि अंगठ्याच्या यंत्रावर काम होतं. निम्मं-निम्मं वाटून घेतलं तर एका हॉटेलच्या जेवणाएवढा खर्च येतो.

एजंट जो छापील मसुदा आणतो त्यात पाहणीचं कलम असतंच. तिथं थांबायचं आणि म्हणायचं, यात वेळ घाला. आजवर एकाही मालकाने नाही म्हटलेलं नाही. बोलायची वेळ तीच असते. चावी हातात पडल्यावर बोलायला गेलं की मालकाला वाटतं, हा वाद घालतोय.

काळा कोट | मंगळवार, रात्री १०.३०

दिवसभर कोर्टात होतो. एकेक घेतो.

नोंदणीचं आधी. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा समज सगळीकडे आहे. नोंदणी कायद्यात एक वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याची सक्ती आहे, त्यावरून तो आला. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकराराची आणि लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी मुदत कितीही असली तरी बंधनकारक आहे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणी नसेल तर अटी-शर्तींबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणून म्हणालो की नोटरीवर विसंबणं काकांच्या अंगाशी येऊ शकतं. @रातपाळी, काकांना भीती घालायला हे वापरू नका. पण पुढचा करार नोंदवून घेऊ असं सुचवायला हे उत्तम निमित्त आहे. मुदत संपल्यावर घर परत मिळण्यासाठी कलम २४ ची जी जलद वाट मालकाला आहे, तीही लेखी करार पक्का असेल तर सोपी जाते. म्हणजे फायदा दोघांचा.

@शामरावनगर, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. वर्षातून दोनदा, आधी सांगून, वायरमनसह केलेली पाहणी हेच कलम २८ चं उत्तम उदाहरण. भाडेकरू दार उघडतच नसेल तर कुलूप तोडायचं नाही. लेखी सूचना द्या, दोन पर्यायी वेळा द्या, त्यालाही नकार आला तर कोर्टात जा. जागेत बसलेल्या माणसाला, त्याचा हक्क संपला असला तरी, कायद्याच्या मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कृष्णा राम महाले प्रकरणात सांगितलेलं आहे, आणि ती जागाही लायसन्सवरच दिलेली होती. तोच विचार कुलपालाही लागू पडतो.

पुराचं. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यात मालकाने येण्याआधी चोवीस तास लेखी किंवा मोबाइलवर सूचना द्यावी असं आहे, आणि पूर, आग, भूकंप अशा वेळी सूचनेशिवाय जाता येईल असा अपवादही आहे. तो नमुना आहे, राज्याने आपला कायदा केल्याशिवाय लागू होत नाही, आपल्याकडे १९९९ चाच चालतो. पण करार लिहिताना त्यातला चोवीस तासांचा आकडा उचलायला काहीच हरकत नाही. मी तोच उचलतो.

@माणदेशी आई, जिन्यात सुरक्षेसाठी कॅमेरा लावता येतो, पण त्याचं तोंड घराच्या आत पडता कामा नये. मुली आत कशा वावरतात हे कुणी टिपत असेल तर ते फौजदारी कायद्यात मोडू शकतं. बाईंना आधी फोनवर सांगा, मग लेखी मेसेज करा, आणि कॅमेरा फिरवला की नाही ते मुलीकडून फोटो मागवून बघा. कपाटं आणि कचऱ्याचा डबा यांचा पाहणीशी संबंध नाही. पाहणी जागेची असते, म्हणजे भिंती, नळ, वायरिंग, दारं-खिडक्या. मुलींच्या सामानाची झडती घ्यायचा अधिकार त्या कलमात कुठेच नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे कायद्याचं कलम नाही, पण प्रश्न अगदी बरोबर आहे.

मिरजकरीण | मंगळवार, रात्री ११.००

वकीलसाहेब, हे शेवटचं मी प्रिंट काढून आमच्या नर्सिंगच्या मुलींच्या ग्रुपवर टाकतेय. मिरजेत दवाखान्यांच्या आसपास खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलींना याची फार गरज आहे. कितीतरी जणींचे करार तर सोडाच, भाड्याच्या पावत्यासुद्धा नाहीत.

काळा कोट | मंगळवार, रात्री ११.१०

पावती मागा. भाडं मिळाल्याची लेखी पावती देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. देतच नसेल तर भाडं बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि शेऱ्यात महिना लिहा.

गावभाग | बुधवार, सकाळी ९.००

आमचं प्रकरण तुमच्यापेक्षा जुनं आहे. गावभागात वाड्यातल्या दोन खोल्या, आजोबांपासून भाड्याने. आमच्याकडे मालकांची पुढची पिढी आली की पाहणीचा अर्थच बदलतो. बरोबर इंजिनिअर असतो, मोबाइलवर फोटो काढले जातात. ओटा कधी बांधला, ही जाळी कुणी लावली, माळा कुणाच्या परवानगीने केला, असे प्रश्न असतात. पुढे कोर्टात त्याचंच "विनापरवाना पक्कं बांधकाम" होतं. म्हणून जुन्या भाडेकरूंच्या मनात पाहणी या शब्दाचीच धास्ती आहे. माझी आई तर मालक येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून जेवत नाही.

काळा कोट | बुधवार, सकाळी ९.४०

आईंना माझ्याकडून हे वाचून दाखवा. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर कलम १६ प्रमाणे ताबा मागता येतो, हे खरं. पण पक्कं बांधकाम कशाला म्हणायचं नाही, हेही तिथंच स्पष्टीकरणात दिलंय. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, जाळीकाम, हवेसाठी पाडलेली खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं, ही कामं त्यात धरलेली नाहीत, फक्त जिथे महापालिकेची परवानगी लागते तिथे ती घेतलेली हवी. ओटा आणि जाळी यांची काळजी नको. माळा कसा आहे त्यावर अवलंबून, कागद घेऊन भेटा.

पाहणीला आडकाठी करू नका, उलट स्वतः हजर राहा. तुम्हीही त्याच दिवशी फोटो काढा. छताची कैची कुठं वाकलीय, भिंत कुठं फुगलीय ते इंजिनिअरला दाखवा. दुरुस्तीची जबाबदारी कलम १४ प्रमाणे मालकाची आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. तुमचं भाडं जुनं आणि अगदी कमी असणार, म्हणजे त्या चतुर्थांशात एक कौलसुद्धा बदलून होणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी नोटीस दिल्याची नोंद राहते आणि ती पुढे उपयोगी पडते.

गणेशनगर | बुधवार, दुपारी १२.१५

माझं परवाचं मत थोडं बदललंय, विशेषतः आटपाडीच्या ताईंनी लिहिलं ते वाचून. पण एक शंका राहते. @रातपाळी यांनी हे सगळं काकांपुढे मांडलं आणि त्यांनी रागाने वरचं पाणीच बंद केलं तर? आपल्याकडे मालकाचं हत्यार तेच असतं.

काळा कोट | बुधवार, दुपारी २.००

त्यासाठी कलम २९. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास-सफाई या अत्यावश्यक गोष्टी मालकाला सबळ कारणाशिवाय तोडता येत नाहीत. तोडल्या तर कोर्ट त्या लगेच चालू करायला लावू शकतं आणि शिक्षेचीही तरतूद आहे. या कलमाखाली आलेल्या तक्रारी मी बघितल्या आहेत. बहुतेक वेळा नोटीस हातात पडते त्या संध्याकाळी मोटर चालू होते.

शामरावनगर | बुधवार, दुपारी २.४५

लॅचचं मी सांगू का? आम्ही काय करतो ते. भाडेकरूने हवं ते कुलूप लावावं. एक चावी पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, जोडावर त्याने सही करायची आणि ते पाकीट माझ्या कपाटात. आग लागली, नळ फुटला, पाणी चढलं तरच फोडायचं, आणि फोडलं की त्याच क्षणी फोन करायचा. आजवर एकदाच फोडलंय, भाडेकरू गावाला गेला होता आणि बाथरूमचा नळ उघडा राहून पाणी जिन्यावरून वाहत होतं. परत आल्यावर त्याने नवीन पाकीट करून दिलं. ना त्याला शंका, ना मला.

माझं तर म्हणणं आहे ताई, काकांना हे तुम्ही सांगण्यापेक्षा दुसऱ्या घरमालकाने सांगितलेलं पटेल. विश्रामबागला माझं येणं-जाणं असतं. तुम्ही म्हणाल तर रविवारी चहाला येतो आणि भिंतीच्या ओलीवर बोलता बोलता हा विषय काढतो.

रातपाळी | बुधवार, दुपारी ४.३०

दादा, नक्की या. काकांना ओल आणि गळती यावर बोलायला माणूस मिळाला की ते खूश होतील. कडी आज सकाळी बसवली. पाकिटाची कल्पना मला फार आवडली. वकीलसाहेब, एक विनंती. पुढच्या महिन्यात करार संपतोय, नवीन करताना पाहणीचं वाक्य नेमकं कसं लिहू? तयार वाक्य असेल तर मी एजंटला तसंच देईन.

काळा कोट | बुधवार, रात्री ९.२०

हे घ्या:

"मालक जागेची पाहणी किंवा दुरुस्ती करण्यासाठी राहणाऱ्यास किमान २४ तास आधी लेखी अथवा मोबाइल संदेशाद्वारे कारण, दिवस व वेळ कळवतील. पाहणी राहणाऱ्याच्या उपस्थितीत, दुपारी ४ ते ७ या वेळेत होईल. राहणाऱ्यास ती वेळ अडचणीची असल्यास राहणारी व्यक्ती त्यानंतरच्या ४८ तासांतील दुसरी वेळ देईल. सोबत येणाऱ्या कारागिराची माहिती आधी दिली जाईल. पाहणी जागा, नळ, वायरिंग व फिटिंग्जपुरती असेल, राहणाऱ्याचे सामान तपासले जाणार नाही. नवीन भाडेकरू अथवा खरेदीदारास जागा दाखवणे कराराच्या शेवटच्या महिन्यातच व याच अटींवर होईल. आग, पूर, गळती अशा तातडीच्या प्रसंगी सूचनेची अट राहणार नाही, मात्र राहणाऱ्यास त्वरित फोन केला जाईल."

खरेदीदाराचं वाक्य मुद्दाम घातलंय. कलम २८ मध्ये फक्त पाहणीचा उल्लेख आहे, गिऱ्हाईक आणून दाखवण्याचा नाही, आणि शेवटच्या दोन महिन्यांत खरी कटकट त्याचीच होते. चार ते सात ही वेळ तुमच्या ड्युटीप्रमाणे बदला.

शामरावनगर | बुधवार, रात्री ९.५५

माझ्या पुढच्या करारात मी हे जसंच्या तसं घालतोय. एकच दुरुस्ती सुचवतो. "पूर" एवढंच लिहिलं तर पूर कधी आला म्हणायचं, यावर वाद होईल. आमच्याकडे पाणी दारात येण्याआधीच मीटर बंद करावं लागतं, सामान वर चढवावं लागतं. आयर्विनला ४० फूट ही इशारा पातळी आहे, ४५ फूट धोका पातळी. "आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेल्यास" असं लिहिलं तर?

काळा कोट | बुधवार, रात्री १०.०५

उत्तम. तळमजला आणि नदीकाठच्या भागांसाठी "आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फूट किंवा त्याहून अधिक झाल्यास" असंच लिहा. विश्रामबागला वरच्या मजल्यावर त्याची गरज नाही, @रातपाळी, तुम्ही ते वाक्य गाळा. "आग, पूर, गळती" तेवढं राहू द्या.